दौंडला राहिलेली डिस्क

गौतमी,

हे तुला न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर "माझ्यावर काय लिहायचंय मॅडम" म्हणून तू विषय बदलला असतास. रागावलीस तर रागाव. हल्ली तू फोन उचलत नाहीस, तेव्हा तुझा राग मला ऐकू येण्यातलाही नाही. काल दौंडहून खुर्शिदभाईंचा फोन आला होता. ते शेवटी सांगते. आधी तू कोण, हे वाचणाऱ्यांना कळू दे.

गौतमी वडगाव रासाईची. शिरूरला कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते तेव्हा ही पहिल्या बाकावर बसून माझा जीव खायची. उत्तर बरोबर आलं तरी हात वर. "मॅडम, दुसऱ्या रीतीनं केलं तर हेच येईल का?" येईल म्हटलं तरी करून बघायची. मी निवृत्त झाले, पण तिचं येणं सुटलं नाही.

पुढे पुण्याच्या एका संस्थेत ती पीएचडीला लागली. काम असं, की मेंदूतल्या पेशी कॉम्प्युटरमध्ये गणिताने उभ्या करायच्या, एकमेकींना जोडायच्या आणि ते जाळं कसं वागतं ते बघायचं. तिच्या जाळ्यातल्या पेशी एका ठेक्यात चालत. त्यातल्या काही ती मुद्दाम मारून टाकी. ठेका मोडे, पडद्यावर सपाट रेघ येई. मग उरलेल्या पेशी हळूहळू आपापसांत जुळवून घेत आणि त्या रेघेतून पुन्हा लाट उठे. शोध म्हणाल तर एवढाच. सगळा प्रबंध त्या लाटेवर उभा होता.

तिचे वडील मच्छिंद्र अर्धांगाने अंथरुणावर. आई ताईबाईंनी ती लाट मोबाइलवर पाहिली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, मशीनीतलं डोकं बरं झालं बघा. आता ह्यांचं बी व्हईल."

"आई, त्याचा आन् आबांचा काय बी संबंध न्हाई," गौतमी म्हणाली.

"तू गप. तुझं शिक्षान अजून पुरं कुठं झालंय?"

यावर आम्ही दोघी हसलो. 

शिष्यवृत्ती संपली तशी गौतमी शिक्रापूरला खोली घेऊन राहिली. खाली घरमालक सर्जेराव आप्पा यांचं लेथचं वर्कशॉप. खोलीतली वायर तिच्या थोरल्या कॉम्प्युटरचा भार सोसेना, म्हणून तो आप्पांच्या ऑफिसात ठेवलेला. वर चिठ्ठी डकवलेली, काहीही अपडेट करू नये. कारण ते सॉफ्टवेअर म्हणजे उतरंड होती. सगळ्यात वर तिचा कोड, त्याखाली पेशी चालवणारा प्रोग्राम, त्याखाली आणखी चारपाच, सगळे जुन्या आवृत्तीतले आणि एकमेकांना बेतलेले. त्यातून तिच्या आधीच्या विद्यार्थ्याने त्या पेशींच्या प्रोग्रामच्या पोटात शिरून काही बदल करून ठेवले होते. काय बदललं ते त्याने कुठे लिहिलं नव्हतं, आणि विचारल्यावर त्यालाही आठवत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच ती आईला घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेली. इकडे खंडेनवमी. आप्पा त्या दिवशी वर्कशॉपातलं एक यंत्र मळकं ठेवत नाहीत. लेथ पुसले, ड्रिलला तेल दिलं, सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या. मग पोरीचं अवजार तेवढं कसं वगळायचं? वर्कशॉपचे कॉम्प्युटर बघणारे खुर्शिदभाई दौंडहून आले. आप्पांनी पदरमोड करून नवी डिस्क बसवून घेतली, आत सगळं ताजं भरून घेतलं. चिठ्ठी मळली होती, तीही काढली.

"बघ पोरी, आता कसा पळतोय! जुनं कवाधरनं रखडत व्हतं."

मी असते तर आप्पांना तिथेच फाडून खाल्लं असतं. ही म्हणाली, "छान झालंय, आप्पा." आणि माळ काढून बाजूला ठेवली.

तिचा कोड तिच्याकडे वेगळा जपलेला होता. जुनी डिस्क खुर्शिदभाईंकडे दौंडला गेली होती. "राहू दे तिथंच," ती म्हणाली, "कधी ना कधी नव्या आवृत्तीवर जायचंच होतं." मग सुरू झाली लाल अक्षरं. कोड चालवला की पडद्यावर चूक. या नावाची आज्ञाच आता नाही. ते नाव बदलून घेतलं, तर पेशींच्या जोडाची फाइल जुळेना. ती जुळवली, तर एका प्रोग्रामला खाली नवीन आवृत्ती हवी, दुसऱ्याला जुनीच हवी. नेटवरून जुनी आवृत्ती उतरवून पाहिली, ती नव्या सिस्टिमवर उभीच राहीना. माझ्याकडे आली की चहा निवायचा आणि ही कपाळ चोळत बसायची.

"दोन सुनांची भांडणं आहेत तुझ्या कॉम्प्युटरमध्ये," मी म्हणायची.

"सुना परवडल्या, मॅडम. एक तरी माहेरी जाते."

शेवटी एकेक चूक तिने निस्तरली. लाल अक्षरं संपली, जाळं सुरळीत चाललं. पेशी मारल्या, ठेका मोडला, सपाट रेघ आली. ती सपाटच राहिली.

पुन्हा चालवलं. आकडे बदलून चालवलं. लाट आलीच नाही. मग तिने नव्या आवृत्तीतल्या बदलांची टिपणं बारकाईने वाचली. तिथे एक ओळ होती. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचायला लागणारा उशीर जुनी आवृत्ती कधीकधी चुकीचा मोजत होती, ते आता सुधारलं आहे. आधीच्या विद्यार्थ्याने हात घातला होता तो नेमका याच भागात. त्याने ती चूक तेव्हाच सुधारली असेल, तर लाट खरी, आणि नव्या आवृत्तीत नसलेला त्याचाच दुसरा एखादा बदल ती उठवत होता. नसेल, तर इतकी वर्षं ही पोरगी प्रोग्रामच्या चुकीलाच बरं होणं समजत आली. कुठलं ते फक्त जुनी डिस्क सांगणार.

मार्गदर्शक म्हणाले, "जुनं चित्र आहे ना? तेच लावून प्रबंध दे. चालवून कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना, सर."

ठरलं, की रविवारी माझ्या गाडीतून दौंडला जायचं, डिस्क आणायची. मला बजावलं, "मॅडम, माझ्याशिवाय जाऊ नका. डिस्क मी हातात घेणार." पहिल्या रविवारी आबांना दवाखान्यात न्यावं लागलं. नंतरच्या रविवारी शिक्रापूरच्या चौकात ट्रक असे अडकले की ती दुपारी उगवली. पुढच्या खेपेला वेळेवर आली, गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी जाऊ."

"घाबरलीस तू," मी म्हटलं.

"व्हय, घाबरले. खोटं निघालं तर आईला काय सांगू?"

"तूच म्हणालीस ना, आबांचा काही संबंध नाही?"

"मला म्हायती हाय. तिला न्हाई."

मी गाडी पुन्हा आत लावली. त्या हिवाळ्यात मच्छिंद्र गेले. जलदान विधीला मी वडगावला गेले होते. लोक पांगल्यावर ताईबाईंनी लेकीला विचारलं, "त्या मशीनीतलं डोकं तरी बरं हाय ना गं अजून?"

"हाय, आई."

उत्तर पुन्हा तपासणारी माझी विद्यार्थिनी हे बोलली. मी चपला घातल्या आणि निघाले.

प्रबंध तिने दिला नाही. शिक्रापुरातल्या एका गोदामात मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळायला लागली. तिथे नवी आवृत्ती आली की ती मुकाट्याने टाकते, असं आप्पा सांगत होते. बिचारे अजून विचारतात, "पोरगी तो कॉम्प्युटर चालूच करत न्हाई, बिघडला का काय?" खरं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

तर गौतमी, खुर्शिदभाई म्हणाले, दुकान आवरतोय, पोराकडे राहायला चाललोय. तुमची डिस्क कपाटात तशीच आहे, पुसलेली नाही. महिनाअखेरीपर्यंत या, नाहीतर भंगारात जाईल. मी म्हटलं, तिला विचारून सांगते. तुला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

आज रविवार. गाडी बाहेर काढून ठेवली होती. आता ऊन कलायला आलंय.