अंतरपाट फाडला तो मी

माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट मी फाडला. गेली बारा वर्षं त्याचा ठपका माझ्या मेहुण्यावर, वसंतावर आहे. वसंता लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतो. पुढच्या आठवड्यात त्याच्या धाकटीचं लग्न आहे आणि तिचा अंतरपाट स्वतःच्या लूमवर काढायचा त्याने हट्ट धरलाय. पण घरच्यांनी ठणकावलं, "तू नको रे बाबा! दुकानातून आणू!" हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. (चहा उतरत होता. खोटं कशाला लिहू?)

मी निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात कापड तपासायचो. लूमवरून तागा उतरला की माझ्या टेबलावर यायचा. कापड बोटांखालून सरकवायचं, फॉल्ट दिसला की काठाला ब्लेडने चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडून खराब भाग वेगळा करायचा. एकतीस वर्षं हेच काम! पण कोणी विचारलं, "काय करता?" तर मी सांगायचो, "मंगलाष्टका रचतो." नोकरी पोटापुरती, मंगलाष्टका ही माझी खरी ओळख! ही ओळख नातेवाइकांनाही पक्की होती. मी माईककडे निघालो की अनुभवी मंडळी खुर्ची शोधत. माझं तिसरं कडवं येईपर्यंत मुठीतल्या अक्षता घामाने शिजतात, असं आमची ही म्हणायची.

तर लग्न आमच्या सुमनचं, मांडव दिघाशीत. अंतरपाट वसंताने आणला होता. आमच्याच कारखान्यात, त्याने चालवलेल्या लूमवरचं कापड! एक टोक त्याच्या हातात, दुसरं नवरदेवाच्या मामाच्या. मध्ये मी, हातात माईक, नाक कापडापासून वीतभर अंतरावर. मुहूर्ताला चार मिनिटं होती आणि माझी सात कडवी शिल्लक होती.

दुसऱ्या कडव्यात मला ते दिसलं.

कापडाच्या बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी फट. धागे गायब! मी गात होतो, पण डोळे तिथून हलेनात. आवाज "शुभमंगल" म्हणत होता आणि बोटं फटीवरून फिरत होती. भटजी कुजबुजले, "यजमान, हात मागे." हात मागे कुठले! हात खिशात गेला. खिशात ब्लेड. (लग्नाच्या नव्या सदऱ्यातही मी ते विसरलो नव्हतो. चष्मा मात्र विसरलो होतो!) काठाला चीर दिली, माईक काखेत धरला आणि...

टर्रर्रर्र!

आवाज माईकमधून अख्ख्या दिघाशीला गेला. अंतरपाट नाटकाच्या पडद्यासारखा दोन्हीकडे उघडला. इकडे सुमन, तिकडे नवरदेव, आणि मुहूर्ताला अजून अडीच मिनिटं!

"दाजी, ह्ये काय केलंत!" वसंता ओरडला.

तेव्हाच मी "चुकलो" म्हणायला हवं होतं. मी माईकमध्ये म्हणालो, "वसंता, हे कसलं सडकं कापड आणलंस? हात लावताच फाटलं!"

आता आमचा निम्मा मांडव लूमवाल्यांचा! "सडकं" ऐकताच सगळे कापड बघायला स्टेजवर चढले. माझ्याच टेबलावर कापड तपासणारे रशीदभाई अर्धा अंतरपाट उजेडात धरून म्हणाले, "बाने का फॉल्ट है. आडवा धागा तुटला."

"न्हाय हो, ताण्याचा हाय!" नवरदेवाचा मामा उसळला. तोही लूमवर मिस्त्री. "उभा धागा गेलाय!"

"बीस साल से कपडा देख रहा हूँ मैं!"

"मंग चष्मा बदला!"

पाच जण बाण्याचे, सहा जण ताण्याचे. भटजी दोघांच्या मध्ये. "अहो, मुहूर्त चाललाय!" तर कोणीतरी त्यांच्याच हातात कापड दिलं, "तुम्हीच सांगा भटजी, आडवा का उभा?" शेवटी आमच्या हिने सोफ्यावरचं जांभळं कव्हर ओढून मधे धरलं. त्यावरही रशीदभाई हळहळले, "ये तो पॉलिस्टर है, भाभी!" तोवर नवरा-नवरीने कव्हरच्या वरून एकमेकांना हार घालून टाकले होते.

लग्न लागलं. संसार उत्तम चाललाय. फक्त वसंता त्या दिवसापासून 'टर्रमामा' झाला. वीस वर्षं लूम चालवणारा माणूस, पण घरात त्याने दिलेला टॉवेलही आधी ओढून बघतात.

आणि मला ठाऊक होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फाटलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीने 'पास' लिहून खाली माझी सही होती! शेजारी माझ्याच अक्षरात: "सुखाने, मुखाने..." पुढे तिसरं यमक सुचेना म्हणून रेघ. म्हणजे तो तागा टेबलावर होता तेव्हा मी मंगलाष्टका रचत होतो आणि फॉल्ट तसाच पुढे गेला. मांडवातल्या गोंधळातच मी तेवढा कोपरा गुपचूप फाडून खिशात घातला. नोकरीत मंगलाष्टका, मंगलाष्टकेत नोकरी. दोन्हीकडे मी नव्हतोच!

काल दिघाशीला वसंताकडे गेलो आणि सगळ्या घरासमोर तो कोपरा वसंताच्या हातात ठेवला. त्याने चष्मा लावून वाचला.

"बारा वरसं, दाजी?"

"हो."

"टर्रमामा मी?"

"आता टर्रदाजी म्हणा. मी ऐकून घेईन."

तो आत गेला. मला वाटलं, काठी आणतोय. त्याने नवा अंतरपाट आणला. घरच्यांपासून लपवून लूमवर काढलेला! "ह्यो तपासा," तो म्हणाला. "तुम्ही पास केलात तरच धरू."

निळी पेन्सिल हातात घेऊन खिडकीशी बसलो. इंच इंच बोटांखालून सरकवला. लूमची खटखट नाही, शेटजीची हाक नाही, नुसतं कापड आणि मी. एकतीस वर्षांत या कामाला मी पोटापुरतं म्हणत आलो, आणि काल उठावंसं वाटेना! एकही फॉल्ट नाही. डोळे भरून आले. घरचे बघत होते, वसंता छाती काढून उभा होता. मी ऐटीत 'पास' लिहून सही करायला कोपरा उलटला.

तिथे माझ्या अक्षरात, निळ्या पेन्सिलीने, तपासता तपासताच माझ्या नकळत लिहून झालं होतं: "सुखाने, मुखाने, फुलाने!"

वसंताने शांतपणे कापड माझ्या मांडीवर परत ठेवलं.

"पयल्यापासून तपासा, दाजी."