दोन शब्दांखालची रेघ
सोमवारी दादाने स्वतःचा रिपोर्ट वाचला. माझा हा थोरला भाऊ केडगावात टेम्पो चालवायचा. परदेशात ड्रायव्हरची नोकरी मिळत होती, पण आधी इंग्रजी वाचनाची परीक्षा पास व्हायला हवी होती, म्हणून रोज संध्याकाळी तो माझ्या सावेडीच्या घरी उतारे सोडवायला यायचा. त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास असायचा. पंपावर तो वास आला की आजही मला ते टेबल दिसतं. "सगळा उतारा समजायची गरज नाही," मी शिकवायचे. "आधी प्रश्न वाच, मग त्यातला शब्द शोध. अडलेलं सोडून पुढे जा." "लई चालू परीक्षा हाय की," तो हसायचा. पुढे त्याचं पोट दुखू लागलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं मी लपवलं आणि साधी सूज आहे असं त्याला सांगितलं. त्या सोमवारी मी चहा घेऊन आले, तर मी कपाटात ठेवलेला रिपोर्ट त्याच्यापुढे उघडा होता आणि दोन शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. "प्रश्न घेतला, पसरलंय का," तो म्हणाला. "'स्प्रेड' घावलं, म्होरं 'लिव्हर'. बाकीचं सोडून दिलं. बरुबर हाय ना, मास्तरीणबाई?" मी हो म्हणाले. "तुज्या वहिनीला साधी सूजच हाय म्हून मी सांगतो. तुला खोटं बोलता येत न्हाई." मग त्याने त्या दिवसाचा उतारा मागितला आणि आम्ही तो पूर्ण सोडवला. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. वहिनी आता माझ्याकडे राहते.