तुडवणाऱ्यांशी सोयरीक

२०२३ साली मी एकोणऐंशी वर्षांचा होतो आणि नातीच्या लग्नाला जाणार नाही असं मी घरात जाहीर केलं होतं. लग्न अमेरिकेत, एडिसनमध्येच होतं. मी राहत होतो तेही एडिसनमध्येच, मुलाच्या घरात, नातीच्या खोलीला लागून. "मग न येण्यासाठी तुम्ही जाणार कुठं, अप्पा?" असं सुनेनं विचारलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळ्याच प्रश्नांची उत्तरं मला यायला हवीत असं काही नाही.

भांडण कार्डावरून होतं. 'अमुक यांची नात' असं छापताना माझ्या नावापुढे आडनाव कोणतं? माझं आडनाव परीट. बापाचं तेच, आज्याचं तेच. मुलाचं वेगळं. एकविसाव्या वर्षी त्यानं सरकारी गॅझेटात जाहिरात दिली आणि गावाच्या नावाला 'कर' लावून घरी आला. मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. पुढं अमेरिकेला आलो तेव्हा विमानतळावरच्या साहेबानं दोन पासपोर्ट शेजारी ठेवून विचारलं, बापलेकांची आडनावं वेगळी कशी? मुलगा म्हणाला, आमच्याकडे अशी रीत आहे. साहेबानं शिक्का मारला. आता कार्डावर दोघांचं एकच आडनाव हवं, आणि ते त्याचं, असा मुलाचा हट्ट.

"इथल्या लोकांना कन्फ्यूजन होतं, अप्पा."

"इथल्या लोकांना परीट कळतो तरी का? मग लाज कुणाला वाटते?"

बोलण्यात मी जिंकतो. मला अक्षरं कमी येतात, पण ऐंशी घरांच्या कपड्यांवरच्या बिब्ब्याच्या खुणा मला पाठ होत्या. एका घरचं धोतर कधी दुसऱ्या घरी गेलं नाही. आम्ही पायघड्या अंथरल्याशिवाय गावात नवरदेव मांडवापर्यंत येत नसे. आजही चांगला कपडा घातलेला माणूस दिसला की लोक 'परीटघडी' म्हणतात. घडी सगळ्यांना हवी, परीट नको.

नातीनं पसंत केलेला मुलगा गोरा. आडनाव वॉकर. अर्थ काय, म्हणून मी विचारलं तर नात म्हणाली, "चालणारा, आय गेस." मला वाटलं, टपालवाले असतील. नाहीतर फिरस्ते. दोन्हींत वाईट काही नाही.

एका रविवारी दुपारी नवऱ्या मुलाच्या बापानं आम्हाला जेवायला बोलावलं. गाडीत माझा मुलगा म्हणाला, "अप्पा, तुम्ही टेक्स्टाइलमध्ये होता असं मी सांगितलंय."

"खोटं नाही. दुसऱ्यांच्या टेक्स्टाइलमध्ये होतो."

व्याही म्हणजे उंच, लाल चेहऱ्याचा, विम्याच्या कामातून निवृत्त झालेला गृहस्थ. बायको वारलेली, वेळ भरपूर. म्हणून आडनावाचा शोध घेत बसलेला. दिवाणखान्यात भिंतीवर घराण्याचं चिन्ह म्हणून ढाल, ढालीवर सिंह. मी सिंहाकडे बघतोय हे त्यानं पाहिलं आणि हसत काहीतरी म्हणाला. नातीनं सांगितलं, "ते म्हणतात, तो सिंह खोटा आहे. मॉलमध्ये घेतला."

खरं काय ते त्यानं जेवताना सांगितलं. नात मराठी करत होती, अडलं की मुलगा शब्द पुरवत होता. यांचे पूर्वज कुठं चालत जात नव्हते. एकाच जागी, एका टाकीत उभे असायचे. इंग्लंडात मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरळ असायचं. ते टाकीत घालून दिवसभर पायांनी तुडवायचं, म्हणजे वीण घट्ट व्हायची. उत्तरेकडे अशा तुडवणाऱ्यांना वॉकर म्हणत. दक्षिणेला त्याच कामाचं आडनाव फुलर, पश्चिमेला टकर. पुढं पाण्याच्या जोरावर कापड कांडणारे दांडे आले, तुडवणारे गेले, आडनाव राहिलं. त्याच्या घराण्याचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे चर्चच्या वहीतली एक ओळ: अमुक गावचा तुडवणारा, मुलगा झाला.

मला हे आवडलं. कापडाचं काम म्हणजे आपल्यापैकीच. मी पोळी मागून घेतली. पोळी नव्हती, पाव होता, तो घेतला.

मग तो म्हणाला, तेल सुटावं म्हणून टाकीत काय घालायचे ठाऊक आहे? आणि स्वतःच हसत सुटला. नात अडखळली. "आजोबा... शूचं पाणी. शिळं. लोक घरोघरी साठवून ठेवायचे आणि हे लोक गोळा करायचे."

मी पाव खाली ठेवला.

"मुतात?" मी मुलाला विचारलं. "ढोपरापर्यंत?"

"अप्पा, हळू."

"हळू कशाला? यांना कुठं कळतंय! आम्ही वाहत्या पाण्यातली माणसं. खार, नीळ, कांजी, भट्टी. आपल्यात कुणी मुतात पाय घातला नाही. अशांच्या घरात पोरगी द्यायची? गावात यांना आपल्या घाटावरसुद्धा उभं केलं नसतं."

सून ताटात बघायला लागली. व्याही माझ्याकडे बघून आनंदानं मान हलवत होता. त्याला वाटलं, मी त्याच्या पूर्वजांचं कौतुक करतोय.

मुलगा म्हणाला, "मास्तरही अशाच आवाजात बोलायचे."

"कोण मास्तर?"

"सहावीतले. दर शनिवारी वर्गात गाठोडं माझ्या बाकावर ठेवायचे. म्हणायचे, परीट, बाळंतिणीचे कपडे आहेत, बापाला सांग वेगळे धू. वर्ग हसायचा. मग ते डोक्यावर घेऊन मी मैदानातून घरी यायचो. बाळंतिणीचे कपडे कोण धुवायचं, अप्पा? वाहत्या पाण्यातली माणसंच ना?"

ते गाठोडं मला चांगलं आठवत होतं. मास्तरांचं काम आपल्याकडे येतं, तेही पोराच्या हातून, म्हणून मी तेव्हा चार ठिकाणी सांगत फिरलो होतो. पोरगा शनिवारी जेवत नसे. मी त्याला म्हणायचो, माजलास.

"डॅड," नात म्हणाली, "यू नेव्हर टोल्ड मी." मग व्याह्याकडे वळून तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं. परीट म्हणजे काय, मास्तर, गाठोडं. माझं बोलणंही सांगितलं, काही न गाळता. इतकं मराठी तिला कळतं हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी जरा बेतानं बोललो असतो.

व्याह्याचं हसू थांबलं. त्यानं माझ्याकडे नाही, माझ्या मुलाकडे बघून सांगितलं, आणि या वेळी मुलानंच मराठी केलं: "ते म्हणतात, आमचा वास जायला सहाशे वर्षं मिळाली. माझ्या वडिलांना कुणी मुताच्या टाकीवरून हाक मारली नाही, मलाही नाही. म्हणून मला हसता येतं."

नंतर केक आला. मी दोनदा घेतला. बोलायचं नसलं की तोंडात काहीतरी असलेलं बरं.

परतताना गाडीत मुलगाच म्हणाला, "छापू परीट. तुमचं तेच छापू. तुमच्या नातीलाही तेच हवंय आता."

मी म्हणालो, "नको."

"आता काय झालं?"

"काही नाही. नको म्हणजे नको."

"महिनाभर डोकं खाल्लंत यार, अप्पा!" मग घर येईपर्यंत आमचं उलटं भांडण झालं, तो माझ्या बाजूनं, मी त्याच्या. सून म्हणाली, तुम्ही दोघं उतरा, मी गाडी फिरवून आणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला घेऊन शेजारच्या आयसेलिनमधल्या देशी कार्डांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, सरनेम?" मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या नावापुढे मुलाचं आडनाव माझ्या हातानं लिहिलं. वेळ लागला, एक अक्षर खोडावं लागलं. मुलाला सांगितलं, "कार्डापुरतं हं. पासपोर्टाला हात लावायचा नाही."