रूपाली, ते वाक्य माझं होतं

अमळनेरच्या स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आबा खिडकीचा गज धरून चालत होते. पोचल्यावर फोन कर, जेवत जा, असलं काही नाही. म्हणाले, "जाय बेटा. पन आपली कचेरी सोडू नको." शेजारच्या बाईला वाटलं, मी सरकारी नोकरी सोडून चाललेय.

रूपाली, माझ्या धाकट्या भावाची बायको होऊन तू आलीस ती मी गेल्यावर, म्हणून सांगते. कचेरी म्हणजे टीव्हीवरची ती विनोदी मालिका. एक साहेब, एक टायपिस्ट बाई, एक शिपाई आणि न सापडणारी फाईल, बस. आबा बाजार समितीत कारकून. दिवसभर तेच करून यायचे आणि संध्याकाळी तेच बघून पोट धरून हसायचे. साहेबाचं "फाईल कुठंय?" आबा टीव्हीच्या आधी म्हणायचे, आणि टायपिस्ट बाईचं उत्तर मी: "चहा झाला की शोधते, साहेब." ते म्हणायची तुझ्या नवऱ्याचीसुद्धा टाप नव्हती.

बंगळुरात मी ती मोबाईलवर लावते. सगळे एपिसोड पाठ आहेत, तरी बघते. त्या कचेरीत कुणाची बदली होत नाही, कुणी रिटायर होत नाही, सगळे एकाच किटलीतला चहा पितात. आमच्याकडे मशीनचा चहा, कानाला हेडसेट, आणि शेजारच्या क्यूबिकलमधला माणूस जेवलीस का तेही मेसेज करून विचारतो. त्या टायपिस्ट बाईचासुद्धा हेवा वाटतो मला. पण तिचा परवडला.

दिवाळीला घरी आले. आबांनी हाक मारली, "चाला व, कचेरी उघडनी." मी माझ्या जागेवर बसले. आबा म्हणाले, "फाईल कुठंय?" मी तोंड उघडेपर्यंत तू स्वयंपाकघरातून ओरडलीस, "चहा पिऊन मग बघू ना, साहेब." आबा हसले. चुकीच्या वाक्याला हसले. मी लगेच दुरुस्त केलं, तर म्हणाले, "राहू दे बेटा. तेच बरं लागस आते."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तू गुणाची आहेस, आबांच्या गोळ्या वेळेवर देतेस, हे मला सगळेजण फोनवर सांगतात आणि मी आणखीच जळते.

परवा मालिकेच्या वेळी तूच फोन लावलास, स्पीकरवर ठेवलास. "अक्का, आज तुम्हीच म्हना." मी मीटिंग सोडून जिन्यात येऊन उभी राहिले. आबांचं वाक्य ऐकू आलं. मी जोरात माझं म्हटलं, पुन्हा म्हटलं. नेटवर्क नेमकं तेव्हाच अडकलं. तुमचं मला ऐकू येत होतं, माझं तिकडे जात नव्हतं. आबांनी विचारलं, "बोलनी का ती?"

तू म्हणालीस, "हो आबा, बोलल्या ना. मी ऐकलं." आणि आबा समाधानानं हसले.

किती अलगद सांभाळून घेतलंस मला. पाहुण्याला घेतात तसं. घरचं माणूस आता तू आहेस रूपाली, आणि ते मला अजून बघवत नाही.