सांगणाऱ्याचं नाव

आमच्या नानांच्या हातात माइक आला की लाउडस्पीकरवाला आधी आवाज कमी करतो. हे मी मिरवायलाच सांगतेय, कुणाला खटकलं तर खटकू दे. गिरधर नाना म्हणजे माझे वडील. वय त्र्याहत्तर, शिक्षण दुसरी, राहणार दोंडाईचाजवळच्या खेड्यात. पंचेचाळीस वर्षं त्यांनी गावोगावच्या लग्नांत मानाची नावं पुकारली, तीही फुकट.

आमच्याकडे वरपक्षाच्या पाहुण्यांचा टोपी-टॉवेल देऊन मान करतात. एकेका गावचे पाहुणे आले की त्यांच्यातला एक जण पुकारणाऱ्याच्या कानाशी येतो आणि एका दमात सगळी नावं सांगतो. ती त्याच क्रमानं मांडवाला ऐकवायची. मग दुसरं गाव, नवी नावं. सांगणारा स्वतःचं नाव सांगत नाही, ते बरं दिसत नाही. पुकारणाऱ्यानंच ते शेवटी आपणहून घ्यायचं. एखादं नाव गळलं तर, माय वं! माणूस भरल्या ताटावरून उठतो आणि तीन पिढ्या बोलत नाही.

नाना एका दमात आठ नावं घ्यायचे. कागद म्हणून धरला नाही. म्हणायचे, "मान का कागद वाचीसन देतस?"

गेल्या वर्षी दोंडाईच्यातल्या एका लग्नात चाळीसगावच्या जीवराम आबांनी त्यांना चार नावं सांगितली. नानांनी चारही बरोबर पुकारली, हुश्श केलं आणि पुढच्या गावाकडे वळले. खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या आबांचंच नाव राहून गेलं. आबांनी चपला घातल्या आणि न जेवता निघून गेले. नाना घरी येऊन दोन दिवस ओट्यावरच बसून राहिले. त्यानंतर त्यांनी माइक धरला नाही.

यंदा माझ्या सोनलचं लग्न ठरलं. मुलाचे चुलत आजोबा कोण? घ्या! जीवराम आबा. त्यांचा निरोप आला, "लग्नाला येईन. पुकारायचं गिरधरनंच आणि चाळीसगावची नावं मीच सांगणार. एक जरी गळलं, तरी तसाच उठेन." माझे यजमान म्हणाले, "जळगावहून निवेदक आणू." नाना म्हणाले, "आना." ते 'आना' ऐकून माझं डोकंच फिरलं. मी धुळ्यात शाळेत शिकवते, माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. "एका चुकीवर पंचेचाळीस वर्षं पाण्यात घालता?" असं म्हणून मी त्यांना समोर बसवलं.

वर्गात मी शब्द ऐकून जसेच्या तसे सांगायचा खेळ घेते. तिसरीतली पोरं चार सांगतात, नववीतली सात. मी एकोणपन्नासची, मला सहा जमतात. नानांना मी पत्रिकेवरची नावं वाचून दाखवली. "आदरणीय श्रीमान प्रेमराजआप्पा, माजी उपसभापती, कृषी उत्पन्न बाजार समिती..." तीन सांगितली आणि चौथ्याला ते अडकले.

"मंग मी तिसरीना पोऱ्या बी नही!" नाना हसले. मी मात्र रडायच्या बेतात होते. मग तेच म्हणाले, "पोरी, तू मानसं सांगी ऱ्हायनी का पाट्या वाची ऱ्हायनी? आपला बोलीमा सांग."

मी सांगितलं, प्रेमराज आप्पा, चाळीसगावना. रुपचंद अण्णा, चाळीसगावना. अशी पाच नावं गेली तरी नाना अडकले नाहीत. मी खुर्चीवरून उठलेच. म्हणजे नानांच्या डोक्यातली टोपली धाकटी झाली होती, हे खरं. पण लोकही पूर्वी तीत बोरं टाकायचे, आता भोपळे टाकतात. महिनाभर मी रोज फोनवर नावं सांगत होते आणि नाना म्हणत होते. पाचच्या पुढे गाडी काही गेली नाही.

लग्न धुळ्यात झालं. नानांनी माइक धरला आणि सरळ सांगून टाकलं, "भो, मनं वय झायं. डोकामा चार नावं मावतस. चार चार सांगा आनि पदव्या घर ठेवा." मांडव हसला. मला वाटलं, असं कबूल करणारा बाप किती जणांना असतो! गावामागून गाव झालं, एकही नाव गळलं नाही.

शेवटी जीवराम आबा उठले. मी त्यांच्या मागे, मुठीत चिठ्ठी घेऊन. तिच्यावर ठळक अक्षरांत एकच नाव लिहिलं होतं, आबांचं. आबांनी नानांच्या कानाशी तोंड नेलं आणि पाच नावं सांगितली. चार नव्हे, पाच, आणि प्रत्येकाची पदवी शेपटासकट. मी चिठ्ठी वर धरली. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं 'ठेव ती' अशी खूण केली.

"चाळीसगावना जीवराम आबा!" नानांनी सगळ्यात आधी तेच पुकारलं.

मध्ये एक शब्द बोलला की धरलेले निसटतात, हे मी वर्गात रोज बघते. नानांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी आबांना पहिला मान दिला. मग डोळे मिटले. "प्रेमराज आप्पा. ईश्वर तात्या. पुना भाऊ. रुपचंद अण्णा." आणि थांबले. आबा हलले नाहीत, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही.

"आनि स्वप्नील वकील!"

आबांना टोपी घातली गेली. त्यांनी ती लगेच काढली आणि नानांच्या उघड्या डोक्यावर ठेवली. माइक स्वतःकडे ओढला. "पंचेचाळीस वरीस हाऊ सगळास्ना नाव घेस. यानं नाव कोनी लिधं नही. गिरधर नाना!" मग माइक बाजूला सारून म्हणाले, "चाल, जेवाले."

माझ्या मुठीत चिठ्ठीचा घामानं लगदा झाला होता. तो फेकला आणि दोन बोटं तोंडात घालून मी अशी शिट्टी मारली की सोनलच्या सासूबाई दचकल्या.