सूचनेत एकही चूक नव्हती

रविवार, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सकाळी थोडं धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही. मन प्रसन्न.

ही माझ्या डायरीतली त्या दिवशीची सकाळची नोंद. संध्याकाळची नोंद पाहाल तर म्हणाल, ही दुसऱ्याच कुणीतरी लिहिली आहे. काय झालं ते सांगतो, पण क्रमाने सांगणार. तुम्हाला माझी फजिती ऐकायची घाई असेल. मला सांगायची नाही. चहा घ्या आधी.

तर मी शुद्धलेखनाचा माणूस. शिक्षण म्हणाल तर मेकॅनिकलचा डिप्लोमा, नोकरी पंप बनवणाऱ्या कारखान्यात. मिरजेहून बेंगळुरूला आलो आणि इथे मारतहळ्ळीत स्थायिक झालो. व्याकरण मला कुणी शिकवलं नाही. शब्दकोश उशाशी घेऊन एकेक शब्द मी स्वतः पक्का केला आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आणि अशा माणसाला कुणीतरी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं! आता यात चूक कुणाची, तुम्हीच सांगा.

काय काय वाचावं लागतं तिथे! 'वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा!!!!!!!' अहो, माणूस पन्नास वर्षांचा झालाय, चंद्रावर उतरलेला नाही. एवढी उद्गारचिन्हं कशाला? दुसरे ते पूर्णविरामाच्या जागी हात जोडणारे. प्रत्येक वाक्याला नमस्कार. तिसरे 'माझी मदत करा' वाले. मराठीत 'मला' मदत करतात हो! आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे दोन टिंबं देणारे. एक टिंब म्हणजे वाक्य संपलं. तीन टिंबं म्हणजे अजून काही मनात आहे. दोन म्हणजे काय? वाक्य दारात उभं आहे, आत येऊ की परत जाऊ?

पण मी कधी चिडलो नाही. शांतपणे, एक तारकाचिन्ह टाकून, खाली शुद्ध रूप लिहायचो. कुणी श्रद्धांजली लिहिली तरी. नियम म्हणजे नियम.

याचे दोन परिणाम झाले. एक, माझ्या बायकोने, सुनीताने, त्या ग्रुपचा आवाज कायमचा बंद केला.

"मला त्या ग्रुपवर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "आता तिथे आग लागली तरी मी उघडणार नाही."

दुसरा परिणाम चांगला झाला. लोक काहीही टाकण्याआधी मला दाखवायला लागले. पल्लवी नावाची एक नागपूरची मुलगी आहे, बेळ्ळंदूरला नोकरीला असते, ग्रुप तीच सांभाळते. ती म्हणायची, "काका, प्लीज एकदा चेक करून द्या ना, नाहीतर नंतर तुम्ही सगळ्यांसमोर स्टार लावता." भीतीपोटी का होईना, भाषा सुधारत होती!

आणि आमच्या शारदाअक्का. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान, वरती घर. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलं. मंडळ म्हणजे खरं तर अक्काच. अक्कांच्या बोलण्यात दर वाक्याला कानडी 'स्वल्प', म्हणजे 'जरा', येतो आणि लिहिण्यात स्वल्पविराम एकदाही येत नाही. पण बाई मनाची मोठी. महिन्याची बैठक कायम त्यांच्याच घरी. भजन, जेवण, मग चर्चा.

बैठकीची सूचना ग्रुपवर जाते, तिची एक गंमत आहे. तिच्यात फक्त पत्ता असतो, यजमानांचं नाव कधीच नसतं. का? तर पूर्वी बैठका घरोघरी व्हायच्या, तेव्हा एकदा नवऱ्याचं नाव आधी की बायकोचं यावरून एका घरात अबोला झाला होता. तेव्हापासून नाव बंद. हे लक्षात ठेवा.

आणखी एक लक्षात ठेवा. जानेवारीच्या बैठकीतून निघताना अक्का म्हणाल्या, घरात फरशीचं काम काढायचंय. मी चपला घालत होतो. समोर भिंतीवर एका कॅलेंडरात 'शुभ आशिर्वाद' छापलं होतं. माझं सगळं लक्ष त्या 'शि' वर. तरी रीत म्हणून म्हणालो, "अक्का, काही लागलं तर सांगा. आमचं घर तुमचंच समजा."

आपण म्हणतोच की नाही असं? म्हणतो की नाही?

आता मुख्य मुद्दा. फेब्रुवारीच्या बैठकीत गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा संपादक निवडायचा होता. आजवर ती स्मरणिका कुणीही जमेल तशी काढायचं. गेल्या वर्षी मुखपृष्ठावर 'स्मरणीका' होतं! मुखपृष्ठावर! मी त्या दिवशी जेवलो नाही. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षीचा संपादक मी. मला ते पद हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. उगाच नम्रपणा कशाला? शिवाय दुसरं होतंच कोण? लेखनाच्या नियमांची दोन पानंही मी छापून तयार ठेवली होती.

गुरुवारी अक्कांचा मला एकट्याला निरोप आला. खाली बैठकीची सूचना लिहिलेली, आणि वर: 'वसंतराव हे बघा आणि चालतंय का सांगा मग ग्रुपवर टाकते'.

बघितलं. सूचनेत स्वल्पविराम तीन घातले. 'बैठक' नंतरची दोन टिंबं काढली. 'आणी' चं 'आणि' केलं. पत्त्यातले इंग्रजी आकडे डोळ्यांत खुपत होते, ते एकेक करून देवनागरी केले. 'अपार्टमेंट' वरचा अनुस्वार राहिला होता, तो दिला. सुबक, निर्दोष सूचना तयार झाली. अक्कांना पाठवली आणि लिहिलं, 'आता काहीही अडचण नाही. खुशाल टाका.'

अक्कांनी विचारलं, 'सुनीताला विचारलं का'

मला हसू आलं. शुद्धलेखनात सुनीताला काय विचारायचं? मी लिहिलं, 'या बाबतीत तिला विचारायची गरज नसते. हे खातं माझं आहे.'

'जेवायला चाळीसेक लोक होतील बघा' अक्का.

मी लिहिलं, '"चाळीसेक" अगदी बरोबर लिहिलंत! शाब्बास!'

'सरी मग टाकते' अक्का म्हणाल्या. म्हणजे, ठीक आहे, टाकते. आणि टाकली.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा झब्बा घातला, नियमांची पानं पिशवीत ठेवली. सुनीताला म्हणालो, "अक्कांकडे बैठकीला जातो. जेवूनच येईन. आणि येईन तो संपादक होऊनच!"

"या होऊन," ती म्हणाली. "मी आज स्वयंपाकाला सुट्टी देते. डोक्याला मेंदी लावून मस्त पडून राहते."

ऑटोने मेट्रो स्टेशन, मेजेस्टिकला गाडी बदलली, चिकपेटेत उतरलो. रविवार म्हणून बरीच दुकानं बंद. अक्कांच्या दुकानाला कुलूप. वरच्या घराच्या जिन्यात फरश्यांचे गठ्ठे, दाराला कुलूप! ना पेटीचा आवाज, ना फोडणीचा वास.

शेजारचे हार्डवेअरवाले अण्णा शटर अर्धं उघडून बसले होते. मी विचारलं, "अण्णा, अक्का?"

"अय्यो सार, एल्लारू मारतहळ्ळीगे होदरु! ऊटक्के!" म्हणजे, सगळे मारतहळ्ळीला गेले, जेवायला.

"मारतहळ्ळी? कुणाकडे?"

अण्णांनी डोकं खाजवलं. अक्का काहीतरी सांगून गेल्या होत्या म्हणे. "यारो मराठी मेष्ट्रु मनेगंते." कुणा मराठी मास्तरांच्या घरी.

मारतहळ्ळीत मराठीचे मास्तर? माझ्या मारतहळ्ळीत? आणि मला पत्ता नाही? म्हणजे हा डाव होता तर! संपादकपदासाठी कुणीतरी खराखुरा मास्तर पैदा केलाय, बैठकही त्याच्याच घरी, आणि मला अंधारात ठेवलंय. कोण असेल? व्याकरण तरी येत असेल का त्याला?

तिथेच, त्या बंद दाराखाली उभं राहून मी ग्रुपवर लिहिलं, आणि रागातही एक वेलांटी चुकू दिली नाही: 'बैठकीचे ठिकाण बदलल्यास ते सूचनेत स्पष्टपणे लिहावे, ही किमान अपेक्षा आहे. असा ढिसाळपणा मंडळाला शोभत नाही. सदर मास्तर कोण, हेही कळावे.'

पल्लवीचं उत्तर लगेच आलं. 'काका सिरियसली? नोटीस तर तुम्हीच फायनल केली ना.. आम्ही सगळे तुमच्याकडे पोचलो. तुम्ही कुठे आहात??'

दोन टिंबं. पण या वेळी मी ती सोडून दिली.

गुरुवारची सूचना उघडली. आणि मित्रहो, ती मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. बैठक मारतहळ्ळीत. अपार्टमेंट माझं. विंग माझी. फ्लॅट क्रमांक माझा, मीच माझ्या हाताने सुंदर देवनागरीत केलेला!

तेवढ्यात फोन वाजला. सुनीता.

"अहो, आत्ता आपल्या घरात किती माणसं आहेत, सांगा बरं?"

"किती?" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मला वाटलं कुरिअर आलंय! डोक्यावर मेंदीचा डोंगर, वर प्लास्टिकची पिशवी, अंगात तो जुना गाऊन, आणि दार उघडलं तर बाहेर तबला! मागे पेटी! त्यामागे लिफ्टपर्यंत माणसं! आणि पहिलं वाक्य काय? 'सुनीता, तुला विचारायची गरज नाही असं वसंतराव म्हणाले होते'!"

"अगं, ते मी शुद्धलेखनाबद्दल..."

"ते चालू द्या तुमचं. अक्कांशी बोला."

"वसंतराव," अक्का अगदी मजेत होत्या, "स्वल्प लवकर या की. आणि साखरेचा डबा कुठे असतो तुमच्यात?"

मला काय ठाऊक! तीन दशकं त्या घरात चहा पितोय, पण साखर कुठून येते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

घाबरलेल्या माणसाला मेट्रो सुचत नाही. मी ऑटो पकडली. ऑटोवाला म्हणाला, "दोम्मलूरु फुल जाम, सार." मी म्हणालो, चल. वाटेत पल्लवीचे निरोप येत होते. 'काका तांदूळ सापडले.' 'काका शेजारच्या आंटींनी मोठं पातेलं दिलं.' 'काका चित्रान्न होतंय, लिंबाचा फोडणीचा भात, एक नंबर वास येतोय.' 'काका भजन झालं.' 'काका आम्ही जेवायला बसतोय हं, भूक लागली.' आणि मग, 'काका चर्चा सुरू केली, चालेल ना?'

मी लिहिलं, 'थांबा! मी येईपर्यंत संपादकाचा विषय घेऊ नका!'

निरोपाखाली घड्याळाची खूण आली. बरोबरची काही येईना. दोम्मलूरला नेटवर्क गेलं होतं.

पोचलो तेव्हा लिफ्टपासून दारापर्यंत चपला. माझ्याच घरात मी पाहुण्यासारखा कडेकडेने शिरलो. हॉलमध्ये मधोमध सुनीता. केस धुवून टॉवेलमध्ये गुंडाळलेले, हातात माझीच चहाची कपबशी, आणि सगळे तिच्याभोवती हसून लोळत होते. ती माझं गुरुवारचं संभाषण अक्कांच्या फोनवरून वाचून दाखवत होती. '"चाळीसेक" अगदी बरोबर लिहिलंत! शाब्बास!' इथे तर तबलावाल्याने चक्क थाप दिली.

"अरे बाप्पा, काका आले!" पल्लवी ओरडली.

"आले का मेष्ट्रु?" अक्का म्हणाल्या. "या, बसा. आपलंच घर समजा."

मी बसलो. कुणीतरी थंड चित्रान्नाची ताटली हातात दिली. मी उसनं अवसान आणून पिशवीतून दोन पानं काढली आणि म्हणालो, "स्मरणिकेबाबत मी काही नियम तयार करून आणले आहेत."

"ते झालं की हो मघाशीच," अक्का म्हणाल्या. "सुनीता म्हणाली, कुठलाही लेख आला की आधी त्यात काय म्हटलंय ते बघायचं, बाकी नंतर. आम्हाला पटलं."

संध्याकाळची नोंद: आकाश निरभ्र. बैठक पार पडली. स्मरणिकेच्या संपादकपदी सौ. सुनीता यांची एकमताने निवड. सूचक शारदाअक्का, अनुमोदक पल्लवी. शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडे. मात्र प्रत्येक मजकुरात काय लिहिले आहे, ते आधी संपादकांना तोंडी सांगायचे आणि मगच पेन उघडायचे. साखरेचा डबा ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, डावीकडे.