स्फटिकाचा फोटो आणि माझं मोजमाप

चाकणच्या औषध कंपनीत माझं काम एकच: प्रथिनाचा रेणू कुठे कुठे हलतो ते मोजायचं. रेणू जड पाण्यात सोडायचा आणि त्याच्या कुठल्या भागाने त्यातला जड हायड्रोजन पटकन उचलला ते पाहायचं. पटकन उचलला तो भाग सैल. शेजारच्या टेबलावरचे सर, मूळचे लातूरकडचे, त्याच रेणूचे स्फटिक करून क्ष-किरणांनी फोटो काढायचे. त्यांच्याकडे अणू न् अणू जागेवर दिसायचा, हालचाल नाही. माझ्याकडे हालचाल दिसायची, आकार नाही. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे कॉलेजातल्या पोरांनाही शिकवतात. आमच्या मीटिंगमध्ये मात्र ज्याची त्याची स्लाइड वेगळी.

त्या वर्षी कंपनीने ते औषध बनवायची पद्धत बदलली. नवा रेणू जुन्यासारखाच आहे हे दाखवता आलं नाही तर प्रकल्प बंद होणार होता, आणि सरांची नेमणूक त्या प्रकल्पापुरतीच होती. त्यांच्या मुलीची दहावी होती.

सरांच्या फोटोत दोन्ही रेणू सारखेच दिसले. माझ्या मोजमापात नवा रेणू एका वळणावर बराच सैल होता. सर खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसले.

"मॅडम, तुमचं चूक आहे असं म्हणत नाही मी. पण माझ्याकडं ते वळण घट्ट दिसायलंय. अर्धा दिवस द्या, दोन्ही नमुने शेजारी शेजारी लावून परत बघू."

"सर, मीटिंग उद्या आहे. आणि स्फटिकात सगळंच घट्ट दिसतं."

हे वाक्य टाकताना मला बरं वाटलं होतं. शेवटचा शब्द माझा असावा लागतो, ही माझी जुनी खोड आहे.

मीटिंगमध्ये माझी स्लाइड शेवटची होती. कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी प्रकल्प थांबवला आणि महिन्याभरात सरांची नेमणूक संपली. जाताना स्फटिकांचा ट्रे फ्रीजमध्ये कुठे ठेवलाय ते मला दाखवून गेले.

उन्हाळ्यात ऑडिट होतं म्हणून मी जुन्या नोंदी काढल्या. नवा रेणू मोजला त्या सकाळी नमुने थंड ठेवणाऱ्या पेटीचं तापमान चढलेलं होतं. तारीख पाहिली, खंडेनवमीची. मग सगळं आठवलं. आमचे टेक्निशियन शेजारच्या निघोजे गावचे, जुन्या रीतीचे. हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन म्हणाले होते, "मॅडम, बटन बंद करा. चालू मशिनीला आमी कुंकू लावत न्हाई. येक दिस तरी इसावा नको व्हय तिला?" मोठं यंत्र बंद करता येत नाही, म्हणून त्यांचं मन राखायला मी थंड पेटी बंद केली. झेंडूचा हार घातला, पेढा खाल्ला, बटन चालू केलं आणि लगेच नवा नमुना लावला. जुना आदल्या दिवशी थंड असताना मोजला होता, नवा कोमट मोजला. ऊब मिळाली की रेणू सैल पडतोच. आलेख तर सगळीकडेच थोडा थोडा वर गेला होता, त्यावरूनच शंका यायला हवी होती. मी फक्त त्या वळणावरचा उंचवटा पाहिला. ऑडिटवाल्यांनी त्या पानावर सही केली आणि पुढचं पान उलटलं.

दोन्ही नमुने शेजारी शेजारी लावून मी परत मोजले. अर्धा दिवस लागला. वळण घट्ट होतं, फोटोत होतं तसंच.

संध्याकाळी कासारवाडीला कंपनीच्या बसमधून उतरले आणि तिथूनच सरांना फोन केला. ते आता तळेगावात बारावीच्या क्लासवर शिकवतात. मी पूजेसकट सगळं सांगितलं.

"वळण शेवटपर्यंत घट्ट राहिलं?" त्यांनी विचारलं.

"राहिलं, सर. तुमचा फोटो बरोबर होता."

"कंपनीत सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगताय, मॅडम?"

एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. काहीच झालं नाही. घरी जाऊन मी कुकर लावला. याला आता दोन महिने झाले. रोज कामावर जाते, साहेबांच्या केबिनवरून चारदा ये-जा होते, दार उघडंच असतं. मी अजून आत गेलेली नाही.